बेत माणसाचा, पाऊल देवाचं. मग आपल्या हातात काय? (यहुदी ज्ञानग्रंथांबद्दल)

कलमवाला | १० मार्च, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी. अलिबाग तालुक्यात आमची हापूसची पन्नासेक कलमं आहेत. आजोबांच्या काळी शेजारी एक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचं, कुटुंब राहायचं. त्यांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. ते लोक इस्रायलला गेले तेव्हा जुन्या कराराचं एक मराठी भाषांतर आजोबांना देऊन गेले. इतकी वर्षं ते माळ्यावर होतं. यंदा ऐन मोहोरात अवकाळी पाऊस झाला, चार दिवस आभाळ हटलं नाही, मोहोर काळा पडला. फवारणी वेळेवर केली होती, आळी केली होती, करायचं ते सगळं केलं होतं. त्या आठवड्यात बागेत जायची इच्छाच होईना, तेव्हा हे पुस्तक काढलं.

त्यातला 'नीतिसूत्रे' हा ग्रंथ वाचताना गोंधळलो. १०व्या अध्यायात म्हणतात, सुस्त हात गरिबी आणतो, उद्योगी हात धन आणतो. सहाव्यात आळश्याला मुंगीकडे पाठवलंय. म्हणजे सगळं आपल्यावर. पण त्याच १०व्या अध्यायात पुढे येतं की संपत्ती देवाच्या आशीर्वादानं येते. १६व्यात तर थेट: माणसाचं मन वाट आखतं, पाऊल परमेश्वर ठरवतो. २१व्याच्या शेवटी: लढाईसाठी घोडा सज्ज करतात, जय मात्र परमेश्वराकडे.

मग घोडा सज्ज करायचा कशाला? हे एकाच माणसानं लिहिलंय का? जाणकारांनी सांगावं. वाद घालण्यासाठी विचारत नाही, मला खरंच कळून घ्यायचंय.

पिंपळपार | १० मार्च, रात्री ९.४०

आपल्याकडेही 'प्रयत्नांती परमेश्वर' आणि 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' एकाच घरात, एकाच आजीच्या तोंडी असतात की. म्हणी प्रसंगाला वापरायच्या, एकमेकींशी जुळवत बसायच्या नाहीत.

निळीशाई | १० मार्च, रात्री १०.३०

पिंपळपार यांचा मुद्दा बरोबर आहे आणि त्याला त्या ग्रंथातच पुरावा आहे. २६व्या अध्यायात एक ओळ सांगते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नकोस, नाहीतर तूही त्याच्यासारखा होशील. लगेच खालची ओळ सांगते, दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. इतक्या जवळ ठेवल्यात म्हणजे जाणूनबुजून ठेवल्यात. तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या संग्रहाच्या शब्बात भागात नोंद आहे की या विसंगतीमुळे काही पंडितांना हा ग्रंथ बाजूलाच ठेवायचा होता. पण ठेवला नाही. एक ओळ तोरा म्हणजे धर्मशास्त्राच्या बाबतीत, दुसरी संसारातल्या गोष्टींबाबत, असा अर्थ त्यांनी लावला.

कलमवाला, एकाच माणसाचं लिखाण नाही ते. राजा शलमोनाचं नाव वर आहे, पण आत वेगवेगळे संग्रह आहेत. २५व्या अध्यायाच्या सुरुवातीला तर लिहिलंच आहे की ही वचनं यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी उतरवून घेतली. २२व्याच्या मध्यापासून २३व्याच्या पूर्वार्धापर्यंतचा भाग मिसरच्या (इजिप्तच्या) अमेनेमोपे नावाच्या लेखनिकाच्या बोधवचनांशी इतका जुळतो की दोन्हींच्या संबंधाबद्दल शंका राहत नाही. तो पपायरस ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. १९२३ मध्ये तो छापला गेला आणि १९२४ मध्ये अ‍ॅडॉल्फ एर्मान यांनी साम्य दाखवून दिलं. त्या अमेनेमोपेतही एक वाक्य आहे: माणसं बोलतात ते एक, देव करतो ते दुसरं. म्हणजे तुमचा प्रश्न नाईलच्या काठावरच्या कारकुनांनाही पडला होता.

घाटमाथा | १० मार्च, रात्री ११.०५

माझं थोडं वेगळं मत. 'उद्योगी हात धन आणतो' यात देव नाहीच, असं आपण आधीच धरून चाललोय. जर्मन अभ्यासक क्लाउस कोख यांनी १९५५ मध्ये मांडलं की या सूत्रांत देव न्यायाधीशासारखा बसून शिक्षा-बक्षीस वाटत नाही. कर्मातच फळ असतं, बीजात झाड असतं तसं. 'जो खड्डा खणतो तो त्यातच पडतो, जो धोंडा लोटतो त्याच्यावरच तो उलटतो.' इथे ढकलणारा कोणी तिसरा नाही. देव फक्त ते पिकू देतो.

हे धरलं तर १६वा अध्याय वेगळा दिसतो. बीज आणि फळ यांच्यामध्ये जी मोकळी जागा उरते, तिची आठवण करून देणाऱ्या त्या ओळी आहेत.

कोरीपाटी | ११ मार्च, सकाळी ७.५०

हे तर आपलं कर्म आणि प्रारब्ध झालं! सगळे धर्म शेवटी एकच सांगतात.

निळीशाई | ११ मार्च, सकाळी ८.२०

कोरीपाटी, इतक्या लवकर एकच करू नका. आपल्या हिशेबात मागचे जन्म आहेत, पुढचे आहेत. या जन्मी जमलं नाही तर खातं पुढे ओढता येतं. नीतिसूत्रे, ईयोब, उपदेशक या तिन्ही ग्रंथांत ती सोय नाही. मेल्यावर शिओल, म्हणजे अंधारी, निःशब्द जागा. बरे-वाईट सगळे तिथेच जातात. त्यामुळे हिशेब याच आयुष्यात मिटायला हवा, आणि तो मिटत नाही हे तर डोळ्यांना दिसतं. काही चूक नसताना सगळं गमावलेल्या ईयोबाचा आक्रोश त्या कोंडीतून येतो. त्याला 'मागच्या जन्मीचं असेल' असं कोणी सांगू शकत नाही, म्हणून त्याचे मित्र थेट म्हणतात, तूच काहीतरी केलं असशील.

कोरीपाटी | ११ मार्च, सकाळी ८.३५

हे लक्षात आलं नव्हतं. मागे घेते.

डॉ_सावली | ११ मार्च, दुपारी १.१०

त्या मित्रांचा मला फार राग येतो. अतिदक्षता विभागाबाहेर मी ही माणसं रोज बघते. 'पथ्य पाळलं नसेल', 'कोणाचं तरी वाईट केलं असेल'. आजारी माणसाच्या उशाशी उभं राहून बोलतात. अलीफज, बिल्दद आणि सोफर पहिले सात दिवस, सात रात्री ईयोबाजवळ गप्प जमिनीवर बसले, तेवढंच त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देव अलीफजला सांगतो की तुम्ही माझ्याविषयी माझा सेवक ईयोब बोलला तसं यथार्थ बोलला नाहीत. देवाची बाजू घेणाऱ्यांना देवच चूक ठरवतो. ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले होते.

आणि ईयोब काय बोलला होता? नवव्या अध्यायात म्हणतो, निर्दोष आणि दुष्ट दोघांनाही तो संपवतो. पृथ्वी दुष्टांच्या हाती दिलीय. तो नाही तर मग कोण? देवाच्या हातात सगळं आहे हे ईयोबाला पूर्ण मान्य आहे. त्याचं दुःख तेच आहे.

कलमवाला | ११ मार्च, संध्याकाळी ७.३०

डॉक्टरताई, ईयोब अजून पूर्ण वाचला नाही, पण सुरुवातीचं एक मनात बसलंय. सैतान देवाला म्हणतो, तू त्याच्याभोवती कुंपण घातलंयस म्हणून तो तुला भजतो. आणि तिसऱ्या अध्यायात ईयोब स्वतः म्हणतो, ज्याला देवानं कुंपणात कोंडलंय त्याला उजेड कशाला? कुंपण तेच. आम्ही गुरांपासून बाग राखायला गडगा घालतो, आत अडकलेल्या वासराला तोच गडगा तुरुंग होतो.

डॉ_सावली | ११ मार्च, संध्याकाळी ७.४२

हे मी इतक्यांदा वाचून दिसलं नव्हतं. धन्यवाद, दादा.

एक_वाटसरू | ११ मार्च, रात्री ८.१५

मुंगीबद्दल: 'तिला ना नायक, ना मुकादम, ना राजा, तरी उन्हाळ्यात दाणा साठवते' असं सूत्र आहे. आमच्या घरात मुंग्यांची ओळ साखरेच्या डब्यापर्यंत पोचली की आई म्हणते, शलमोनाच्या शिकवणीला आल्या. :)

घाटमाथा | ११ मार्च, रात्री ९.००

आता खऱ्या भांडणाकडे येऊ या. नीतिसूत्रे १६ची शेवटची ओळ: चिठ्ठ्या पदरात टाकतात, पण त्यांचा निकाल परमेश्वराकडून येतो. म्हणजे योगायोग नाहीच, सोंगटीसुद्धा देवाच्या हाती. आणि 'उपदेशक' म्हणजे कोहेलेत, नवव्या अध्यायात: शर्यत वेगवानाची नसते, लढाई बलवानाची नसते, शहाण्याला भाकर मिळेलच असं नाही, वेळ आणि प्रसंग सगळ्यांवरच येतात. प्रसंगासाठी तिथे 'पेगा' हा शब्द आहे, म्हणजे अचानक येऊन आदळणारं. कोहेलेत दुसरा एक शब्द सारखा वापरतो, 'मिक्रे', जे घडून येतं ते. शहाणा आणि मूर्ख, माणूस आणि जनावर, सगळ्यांचं मिक्रे एकच.

या शब्दाचा इतिहास बघा. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात इस्राएलाच्या शत्रूंवर, पलिष्ट्यांवर, साथ येते. ते पळवून आणलेला कराराचा कोश, म्हणजे इस्राएलाची पवित्र पेटी, गाडीवर ठेवून गायींना सोडून देतात. गायी इस्राएलाच्या वाटेनं गेल्या तर हे त्यांच्या देवानं केलं, नाही तर ते नुसतं मिक्रे. म्हणजे 'देवाचा हात' आणि 'मिक्रे' हे तिथे एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत. असा शब्द कोहेलेत माणसाच्या साऱ्या आयुष्याला लावतो. मराठीत देव आणि दैव यांत एका मात्रेचा फरक आहे, पण शेतकरी कोणाला काय म्हणतो ते ऐकलं की तो फरक कळतो.

पिंपळपार | ११ मार्च, रात्री ९.३०

म्हणजे कोहेलेत नास्तिक?

निळीशाई | ११ मार्च, रात्री १०.१०

मुळीच नाही. त्याच्या १२ अध्यायांत देव पुन्हा पुन्हा येतो, फक्त 'एलोहीम' या सर्वसाधारण नावानं. इस्राएलाशी करार करणाऱ्या देवाचं चार अक्षरी नाव त्या ग्रंथात एकदाही नाही. त्याच्या मते देव सगळं करतो, पण काय करतो ते माणसाला उमगत नाही. तिसऱ्या अध्यायात 'जन्माला वेळ, मरणाला वेळ' ही ओवीसारखी यादी आहे, ती लोक सांत्वनासाठी वाचतात. पण त्यानंतर तो म्हणतो, देवानं माणसाच्या मनात अनादि-अनंताची ओढ घातली आणि तरी पहिल्यापासून शेवटपर्यंतचं देवाचं काम त्याला कळू नये असं केलं. वेळ ठरलेली आहे, पण कोणती वेळ ते आपल्याला ठाऊक नाही! नवव्या अध्यायात माणसाला जाळ्यातल्या माशाची उपमा आहे.

आणि त्याचा आवडता शब्द 'हेवेल'. मराठी भाषांतरांत 'व्यर्थ' लिहितात, ते मला पटत नाही. हेवेल म्हणजे वाफ, तोंडातून निघालेला श्वास. थंडीत दिसतो, क्षणात विरतो. तो खोटा नाही, फक्त मुठीत धरता येत नाही.

अश्दोदकर | १२ मार्च, रात्री १२.४०

उशिरा लिहितेय. इस्रायलमध्ये राहते, माहेर रेवदंड्याचं. कलमवाला भाऊ, 'शनवार तेली' वाचून घशात आवंढा आला. माझ्या पणजोबांचाही घाणाच होता.

आमच्या घरी हे ग्रंथ कोणी चर्चेला घेत नसे. पण प्रश्न रोजचा होता. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे संदेष्टा एलियाचा, खडक आहे. त्यांच्या रथाची खूण त्यावर आहे असं आम्ही मानतो. परीक्षा, लग्न, प्रवास, काही असलं की आजी मालिद्याचा नवस बोलायची. पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं. पण नवस बोलून मला अभ्यासातून सुटका कधी मिळाली नाही. ती म्हणायची, पोहे भिजवावे लागतात, नारळ खवावा लागतो, मग हन्नाबी येतात.

योसेफाची गोष्ट इथे यायला हवी. बेने इस्रायलांत मराठी कीर्तनं होत, हरिदासी थाटात, साकी-दिंडीसकट, आणि योसेफाचं आख्यान त्यांत लोकांचं आवडतं. भाऊ त्याला खड्ड्यात टाकतात, मग विकतात, तो मिसरात प्रधान होतो, दुष्काळात भाऊ धान्यासाठी त्याच्याच पुढे येतात. शेवटी तो म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलंत, देवानं ते चांगल्यासाठी योजलं. हिब्रूत दोन्हीकडे क्रियापद एकच आहे, 'हाशाव'. आणि तुमच्या त्या १६व्या अध्यायातल्या 'मन वाट आखतं' मध्येही हेच क्रियापद आहे. भावांचा गुन्हा मिटला नाही आणि देवाचा बेतही अडला नाही. माझ्या मते नीतिसूत्रांतल्या त्या ओळीचा अर्थ लावायचा तर योसेफ धरून लावावा.

घाटमाथा | १२ मार्च, सकाळी ९.१०

अश्दोदकरताई, योसेफाची गोष्ट सुंदर आहे, पण तिच्यात शेवट गोड आहे. खड्ड्यातच राहिलेल्या योसेफांचं काय? ईयोबाचे दहा मुलगे-मुली पहिल्याच अध्यायात मरतात. शेवटी त्याला पुन्हा दहा मुलं होतात, पण ती वेगळी दहा. कोणाच्या तरी 'चांगल्यासाठी' ती पहिली गेली असं मी म्हणू शकत नाही.

अश्दोदकर | १२ मार्च, सकाळी ११.२५

मीही म्हणणार नाही, दादा. योसेफ ते वाक्य स्वतःच्या दुःखाबद्दल म्हणतो. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल म्हणाला असता तर तो चौथा मित्र झाला असता.

डॉ_सावली | १२ मार्च, दुपारी २.००

वरचं दोनदा वाचलं.

माझ्या धंद्यातलं एक. बेन सिरा नावाच्या यरुशलेमच्या शिक्षकाचा ग्रंथ आहे, इसवी सनापूर्वी १८०च्या आसपासचा. ३८व्या अध्यायात तो म्हणतो, वैद्याचा मान राख, त्यालाही देवानंच नेमलंय. औषधं देवानं मातीतून उगवली, शहाणा माणूस ती नाकारत नाही. आजारी पडलास तर प्रार्थना कर आणि वैद्यालाही जागा दे. वैद्यसुद्धा निदान बरोबर यावं म्हणून प्रार्थना करतो! हे मी कोणाला सांगत नाही, पण ऑपरेशनच्या आधी माझेही ओठ हलतात.

निळीशाई | १२ मार्च, दुपारी ३.१५

बेन सिरा काढलात ते फार बरं केलंत, कारण कलमवाल्यांच्या प्रश्नाची सगळ्यात टोकाची रूपं एकट्या त्याच्यात आहेत. १५व्या अध्यायात म्हणतो: देवानं मला चुकवलं असं म्हणू नकोस. त्यानं माणूस घडवला आणि त्याला त्याच्या 'येत्सेर'च्या हाती सोपवलं. तुझ्यापुढे आग आणि पाणी ठेवलंय, हवा तिकडे हात घाल. पुढे ३३व्यात तोच म्हणतो: कोणाला देवानं उंच केलं, कोणाला खाली ओढलं, कुंभाराच्या हातात माती तशी माणसं घडवणाऱ्याच्या हातात.

आता शब्द बघा. येत्सेर म्हणजे माणसाची घडण, त्याचा कल. कुंभार म्हणजे 'योत्सेर', घडवणारा. धातू एकच. एके ठिकाणी माणूस घडणीच्या हातात, दुसऱ्या ठिकाणी घडवणाऱ्याच्या. मराठीत हा खेळ जसाच्या तसा येतो याचा मला मनापासून आनंद होतो.

या ग्रंथाची मूळ हिब्रू प्रत शतकानुशतकं हरवल्यासारखी होती, ग्रीक भाषांतरावर भागत होतं. १८९६ मध्ये दोन स्कॉटिश बहिणींनी पूर्वेकडून केंब्रिजला आणलेल्या एका जीर्ण पानावर हिब्रू पंडित सॉलोमन शेख्टर यांना ती ओळखू आली. मग कैरोच्या सिनेगॉगच्या गेनिझातून, म्हणजे जुनी कागदपत्रं ठेवायच्या कोठडीतून, आणखी पानं निघाली, आणि १९६४ मध्ये मसादा या मृत समुद्राजवळच्या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननात एक गुंडाळीही सापडली.

एक_वाटसरू | १२ मार्च, संध्याकाळी ६.३०

मग पुढे यहुद्यांनी काय ठरवलं शेवटी? काहीतरी निकाल लागला असेल ना?

निळीशाई | १२ मार्च, रात्री ८.००

निकाल नाही, पक्ष झाले. पहिल्या शतकातला इतिहासकार योसेफस तीन पंथ सांगतो. एसेनी म्हणत सगळं नियतीच्या हाती. सदूकी म्हणत नियती असं काही नाही, सगळं आपल्या हाती. परुशी म्हणत काही तिच्या, काही आपल्या. पुढे रब्बी (धर्मगुरू) आकिवांच्या नावावर एक वचन आलं: सगळं आधीच पाहिलेलं आहे, आणि मुभा दिलेली आहे. दोन्ही अर्धी एका 'आणि'नं जोडलेली. 'पण'सुद्धा नाही, असं मला वाटतं.

अश्दोदकर | १२ मार्च, रात्री ११.५०

तालमूदमधलं एक वचन आम्हाला पाठ: सगळं आकाशाच्या हाती, फक्त आकाशाचं भय सोडून. म्हणजे तुम्ही उंच की बुटके, श्रीमंत की गरीब हे वरून. चांगलं वागायचं की नाही ते तुमचं. पण दुसऱ्या एका ठिकाणी असंही आहे: सगळं आकाशाच्या हाती, फक्त थंडी आणि ऊन सोडून! शाल घेतली नाही आणि पडसं झालं तर देवाकडे बोट दाखवायचं नाही. माझ्या आजीनं हे कुठेही वाचलं नव्हतं, पण वाक्य अगदी तिचंच.

पिंपळपार | १३ मार्च, सकाळी ७.१५

या आजींना भेटायला हवं होतं.

कलमवाला | १३ मार्च, रात्री ९.४५

सगळ्यांचं वाचतोय, दोन दिवस लिहायला शब्द जुळत नव्हते. ईयोब पूर्ण केला. ३८व्या अध्यायात देव वावटळीतून बोलतो आणि ईयोबाच्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही, हे आधी मला फार कठोर वाटलं. मग एक जागा आली. देव विचारतो, जिथे माणूस राहत नाही त्या रानावर, ओसाड जमिनीवर पाऊस पाडायला पाटाची वाट कोणी फोडली?

मी तिथे थांबलो. पंचवीस वर्षं पाऊस म्हटलं की माझी बाग एवढंच डोक्यात. वेळेवर आला तर आपल्यासाठी, अवकाळी आला तर आपल्यावर. तो कोणाच्याच बागेसाठी नसतानाही पडतो, आणि त्या ओसाड जमिनीवर त्यानं कोवळं गवत उगवतं, हे देव अभिमानानं सांगतोय. माझं नुकसान यानं भरून येत नाही. पण गेले दोन महिने मी काय चुकलो ते शोधत होतो, फवारणीच्या वहीतल्या तारखा पुन्हा पुन्हा तपासत होतो, ते काल थांबलं.

आणि माझा मूळ प्रश्न, घोडा सज्ज करायचा कशाला. मला उत्तर उपदेशकाच्या ११व्या अध्यायात मिळालं. जो वारा बघत बसतो तो पेरत नाही, जो ढग बघत बसतो तो कापत नाही. सकाळी बी पेर, संध्याकाळीही हात आवरू नकोस, कारण हे फळेल की ते, की दोन्ही, तुला ठाऊक नाही. मी आजवर उलट समजत होतो: फळ हातात आहे म्हणून राबायचं. हा माणूस म्हणतो, फळ हातात नाही म्हणूनच दोन्ही वेळा पेर.

उत्तरेकडच्या सात-आठ कलमांना पुन्हा मोहोर फुटलाय. उशिराचा आहे, तुडतुडे येतील. उद्या सकाळी पंप घेऊन जाणार आहे.

घाटमाथा | १३ मार्च, रात्री १०.२०

'म्हणूनच' हा शब्द तुम्ही बरोबर पकडलात. त्या ओळीत 'कारण तुला ठाऊक नाही' असंच आहे. मी इतके दिवस ती ओळ सावधगिरीचा सल्ला म्हणून वाचत होतो, एक गेलं तर दुसरं असावं असा व्यापारी हिशेब. तुमचं वाचन जास्त खरं वाटतं.

डॉ_सावली | १३ मार्च, रात्री १०.३५

पंप मारताना मास्क लावा, दादा. ते थंडी-उन्हासारखंच तुमच्या हातात आहे.

कलमवाला | १३ मार्च, रात्री १०.४०

लावतो, ताई. अश्दोदकरताई, उपदेशकाचा नववा ते बारावा अध्याय मूळ हिब्रूतून आम्हाला ओळीनं समजावाल का? शनिवारी दुपारी मला सवड असते.

अश्दोदकर | १४ मार्च, रात्री १२.१०

आनंदानं. पण शनिवारी नको भाऊ, घाणा बंद. रविवारी तुमच्या रात्री नऊला बसू या. आणि त्या जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर मोडीत किंवा हिब्रूत काही लिहिलेलं असेल तर फोटो टाका, मी वाचून सांगते.